हात तोच आहे

तासाला 20 रुपये, आणि पडलं की कीबोर्ड दुसऱ्याकडे. हा नियम दादानं केला होता.

साल 2004. मी सहावीत जाणार होते आणि दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, दहावीत. आमचं घर पावसच्या बाजूला. मे महिन्यात काका आंब्याच्या पेट्या टेम्पोत भरून रत्नागिरीला निघाले की आम्ही दोघं मागे पेट्यांवर चढून बसायचो. भाट्ये पूल ओलांडला की शहर. काकांची कामं होईपर्यंत आम्हाला एसटी स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत सोडलं जायचं. जिना चढून वर गेलं की सहा कॉम्प्युटर, प्रत्येकाला पडदा, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर रोड रॅश.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांना थोडक्यात सांगते. बाईकची शर्यत, पण शेजारून जाणाऱ्याला लाथ मारायला पूर्ण परवानगी. कुणाच्या हातात साखळी, कुणाच्या हातात दांडकं. नेमक्या वेळी हात घातला तर त्याचं दांडकं आपल्याकडे. मागून पोलीस यायचे, पकडलं तर शर्यत संपली. आणि बाईकवरून पडलं तर खेळ थांबायचा नाही. आपला गडी रस्त्यावर लोळायचा, उठायचा आणि लांब जाऊन पडलेल्या बाईककडे धावत सुटायचा.

दादाच्या नियमानुसार कीबोर्ड नेमका याच क्षणी हातात यायचा. त्यामुळे माझा खेळ कायम धावण्यापासून सुरू व्हायचा. बाईक दादानं पाडलेली असायची, ती उचलायला मी धावायचे.

परत येताना टेम्पोच्या मागे उभं राहून दादा शेजारून जाणाऱ्या प्रत्येक स्कूटरला हवेत लाथ मारायचा. काकांनी एकदा आरशात बघितलं. पुढचे दोन आठवडे आम्ही रत्नागिरीला गेलो नाही.

*

पुण्यात मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. म्हणजे दुसऱ्यानं बनवलेलं कुठे मोडतं ते शोधायचं. काही वर्षांपूर्वी एका कंटाळवाण्या रविवारी रोड रॅश शोधायला बसले. जुनी फाइल मिळाली, पण नव्या विंडोजवर ती धड चालेना. मग नवा भाग शोधला. तो नव्हताच. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजे ईएनं 1991 मध्ये सेगाच्या कन्सोलसाठी रोड रॅश काढला, आमच्या सायबर कॅफेत होती ती 1996 ची पीसीवरची आवृत्ती. 2000 नंतर ही मालिका हळूहळू थंडावली. नाव अजून ईएकडे आहे. कपाटात ठेवलेल्या लग्नातल्या शालूसारखं. नेसत नाहीत, देतही नाहीत.

पण शोधता शोधता दुसरंच नाव समोर आलं: रोड रिडेम्प्शन. पिक्सेल डॅश आणि ईक्यू गेम्स या दोन छोट्या कंपन्यांनी 2013 मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि 2017 मध्ये हा खेळ पूर्ण केला. रोड रॅशचं नाव त्यांना वापरता येत नव्हतं. बाईक, लाथ, दांडकं वापरायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

अशा खेळांना इंग्रजीत स्पिरिच्युअल सक्सेसर म्हणतात. मराठीत मला एकच शब्द सुचतो, मानसपुत्र. रक्ताचं नातं नाही, आडनाव नाही, सातबाऱ्यावर नोंद नाही. तरी बघणारा म्हणतो, अरे, हा त्याचाच.

हे नुसत्या नावबदलापेक्षा वेगळं आहे. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आला. रक्त लालचं हिरवं झालं, पण नकाशा तोच, उडी तीच, जुन्या खात्यातल्या बंदुका-कपडेसुद्धा उचलून नेता आले. दुकान तेच, पाटी बदलली. मानसपुत्राचं उलट असतं. पाटी एकाकडे राहते आणि कारागीर दुसरीकडे जाऊन बसतो.

एकदा शोधायला लागलं की अशा वाटण्या सगळीकडे दिसतात. 1988 मध्ये इंटरप्लेनं वेस्टलँड बनवला, पण बाजारात आणला ईएनं आणि नावही त्यांच्याकडेच राहिलं. अणुयुद्धानंतरच्या जगाचा खेळ पुन्हा करायचा तर नाव मिळेना, म्हणून 1997 मध्ये फॉलआउट जन्माला आला. पुढे फॉलआउटचंच नाव 2007 मध्ये बेथेस्डाला विकलं गेलं. आणि पहिल्या फॉलआउटमागच्या माणसांपैकी दोघं, टिम केन आणि लेनर्ड बोयार्स्की, 2019 मध्ये दि आउटर वर्ल्ड्स घेऊन आले. वाटणीतून वाटणी. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

सगळ्यात जिव्हारी लागली ती हार्वेस्ट मूनची गोष्ट. शेती करायची, गाय पाळायची, गावातल्यांशी ओळख वाढवायची, असा हा शांत जपानी खेळ 1996 चा. इंग्रजीतलं हार्वेस्ट मून हे नाव मात्र तिकडे तो विकणाऱ्या नात्सुमे या कंपनीचं होतं. 2014 मध्ये दोघांचं फाटलं. खेळ बनवणारे आपला खेळ घेऊन निघाले आणि त्यांना स्टोरी ऑफ सीझन्स असं नवं नाव घ्यावं लागलं. नात्सुमेनं हार्वेस्ट मून या नावाखाली स्वतःचा वेगळाच खेळ काढला. ज्याच्यावर जुनं नाव तो नवा खेळ, आणि ज्याच्यावर नवं नाव तो जुना. गिऱ्हाइकानं कुठे जायचं?

हे वाचलं त्या रात्री मला बाबांची आठवण आली.

*

आमची हापूसच्या कलमांची नर्सरी होती. आजोबांच्या नावाची.

हापूसची कोय लावली तर हापूस येईलच असं नाही. झाड येतं, पण आंबा कसा निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून कलम करावं लागतं. जूनमध्ये रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालतात. पंधरा-वीस दिवसांत तांबूस, लुसलुशीत पानांचं रोप वर येतं. ते वितीच्या आत छाटायचं, मधोमध उभी चीर द्यायची. चांगल्या हापूसच्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी घ्यायची, तिला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप द्यायचा, चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. हे कोय कलम. खुंट रायवळचा, काडी हापूसची. मुळं एकाची, फळ दुसऱ्याचं.

आजोबांची काडी यायची घरामागच्या एका जुन्या झाडाची. कलमं बांधायचे ते आणि बाबा. गिऱ्हाईक, हिशेब, टेम्पो हे सगळं काका बघायचे. दोघांत कुणी कमी नव्हतं. काका नसते तर ती कलमं पावसच्या पुढे गेली नसती.

आजोबा 2010 मध्ये गेले, 2012 मध्ये वाटप झालं. नर्सरी, तिची पाटी आणि मागचं झाड काकांकडे गेलं. बाबांना वरच्या अंगाचा कातळ मिळाला. कातळात झाड लावायचं म्हणजे सुरुंग लावून खड्डा करायचा आणि बाहेरून माती आणून तो भरायचा. वाटप कागदावर बरोबर होतं. बिनसलं ते नावावरून. बाबांचं म्हणणं, आजोबांचं नाव दोघांनी लावावं. काकांचं म्हणणं, एका नावाच्या दोन नर्सऱ्या झाल्या तर गिऱ्हाईक फसेल. आज विचार केला तर काकांचं म्हणणं चूक वाटत नाही. तेव्हा मात्र दोन्ही घरांत बोलणं बंद झालं. गणपतीला आम्ही मूळ घरी जायचो, तेही थांबलं.

बाबांनी कातळाच्या कडेला माडाच्या झावळ्यांचा मांडव घातला आणि बिनपाटीची नर्सरी सुरू केली. अडचण काडीची होती. मागच्या झाडाला हात लावता येत नव्हता. मग बाबा कोळंब्याला एका जुन्या गिऱ्हाइकाकडे गेले. त्याच्या परसात आजोबांनी बांधलेलं कलम उभं होतं. कलमाचं कलम म्हणजे तेच झाड. बाबांनी त्याच्याकडे शंभर काड्या मागितल्या, त्यानं दोनशे दिल्या. जे झाड गडग्याच्या आत अडकलंय असं आम्हाला वाटत होतं, ते कधीच गावोगाव पोचलं होतं.

पहिल्या पावसाळ्यात एक म्हातारे गृहस्थ विचारत आले, "ही त्या नर्सरीतलीच कलमं ना हो?" बाबा पट्टी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही. पण हात तोच आहे."

मानसपुत्र या शब्दाची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

*

अर्थात हात तोच असला म्हणून कलम जगतंच असं नाही.

मेगा मॅन या खेळाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते केजी इनाफुने कॅपकॉम सोडून बाहेर पडले आणि 2013 मध्ये त्यांनी मायटी नंबर 9 साठी वर्गणी मागितली. लोकांनी 38 लाख डॉलरच्या वर पैसे दिले. 2016 मध्ये खेळ आला आणि बहुतेकांची निराशा झाली. हात तोच होता, खेळ उभा राहिला नाही.

उलट एरिक बॅरोन या तरुणाचा हार्वेस्ट मूनच्या घराशी काडीचाही संबंध नव्हता. त्यानं एकट्यानं चार वर्षांहून जास्त काळ खपून चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग सगळं केलं आणि 2016 मध्ये स्टारड्यू व्हॅली आणला. आज शेतीचा खेळ म्हटलं की अनेकांना आधी तोच आठवतो. हात तो नव्हता, तरी फळ तेच आलं.

आपल्याकडचं उदाहरण पुण्यातलं आहे. नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये राजी हा खेळ आणला. भिंतीवरून धावणारी, खांबाला लटकून उडी घेणारी राजी बघितली की प्रिन्स ऑफ पर्शिया आठवतोच. पण इथे राजपुत्र राजकन्येला सोडवत नाही. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला एक मुलगी निघते, आणि वाटेत आपली देवळं, आपले देव, आपलीच चित्रं येतात. माझ्या हिशेबात काडी तिकडची आहे, खुंट पूर्णपणे इथला.

मला वाटतं प्रश्न एवढाच असतो की काडी कुठली आणि खुंट कुठला, हे बनवणाऱ्याला कळलंय का. जुन्या खेळातलं काय जिवंत आहे आणि काय नुसतं त्या काळाचं होतं. सगळंच जसंच्या तसं उचललं तर ते आठवणींचं प्रदर्शन होतं. काहीच घेतलं नाही तर नातं सांगायचं कशाला? बाबा सांगतात, कलम लागल्यावरही लक्ष ठेवावं लागतं. जोडाच्या खालून रायवळची फूट आली तर ती लगेच खुडायची. नाहीतर ती जोर धरते, काडी सुकते, आणि दहा वर्षांनी आंबट आंबा खाताना कळतं की काहीतरी चुकलं होतं.

*

गेल्या वर्षी जुलैत मी आठवडाभर घरी गेले, कारण बाबांचा हात थरथरायला लागला होता.

डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून सांगितलं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून चालतो, पण काडीला पाचरीचा काप देताना सुरी हलली तर दोन्ही बाजू जुळत नाहीत आणि कलम मरतं. रुजलेली सहाशे रोपं मांडवात उभी होती आणि बाबा नुसते त्यांच्याकडे बघत बसलेले.

मला कलम बांधता येतं का? येतं. शंभर बांधली तर चाळीस जगतात. बाबांची ऐंशीच्या वर जगायची. मी एकुलती एक. उद्या त्या कातळावर माझंच नाव लागणार. इतकी वर्षं मी या गोष्टीत स्वतःला कारागिरांच्या बाजूला धरत आले होते. त्या दुपारी मांडवात लक्षात आलं की नाव माझ्याकडे येणार आहे आणि हात माझ्याकडे नाही. या गोष्टीत ईए मी आहे.

आणि हात कुणाकडे आहे तेही मला माहीत होतं. वाटपाच्या आधी चार पावसाळे दादा बाबांच्या शेजारी बसून शिकला होता. काकांच्या नर्सरीतली कलमं आज तोच बांधतो. त्याचा काप बाबांसारखाच असतो, थोडा लांब.

संध्याकाळी त्याला मेसेज केला. 'एक गेम दाखवायचा आहे.' एवढंच. बाकी लिहायचं धाडस झालं नाही.

तो रात्री आला. पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी सत्तर टक्के. पडवीत बसून रोड रिडेम्प्शन सुरू केला. पहिली पाच मिनिटं त्याचं तोंड वाकडंच होतं. "ही तलवार कुठून आली गो? आणि बंदूक?" खरंच, हा खेळ खूप वेगळा आहे. यात गच्च्यांवरून बाईक पळवायची असते, मेलं की पुन्हा पहिल्यापासून, मात्र मिळालेल्या अनुभवाच्या गुणांतून पुढच्या वेळेसाठी ताकद वाढवता येते. दादाला त्यातलं काही आवडलं नाही.

मग एक बाईकवाला त्याच्या अगदी शेजारी आला. समोर वळण. त्या एका क्षणात ठरवायचं असतं, रस्त्याकडे बघायचं की त्याच्याकडे. दादानं त्याच्याकडे बघितलं, लाथ मारली, तो समोरून येणाऱ्या गाडीवर आपटला, आणि पुढच्याच सेकंदाला दादाही कठड्यावर. तो इतक्या जोरात हसला की आतून आई बाहेर आली.

तेव्हा कळलं. रोड रॅशमधली काडी हीच होती. बाईक नाही, साखळी नाही, ते जुनं चित्रही नाही. वेगात असताना शेजाऱ्याकडे मान वळवायचा मोह. तेवढा नेमका उचलून या लोकांनी दुसऱ्याच खुंटावर बांधला होता.

दादानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "पडलो. घे."

वीस वर्षं झाली होती, नियम त्याला पाठ होता.

बॅटरी संपल्यावर मी बाबांच्या हाताचं सांगितलं. तो बराच वेळ पावसाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काकांनी सांगितलंय का मला बोलवायला?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाला आणि छत्री उघडून निघून गेला.

*

सकाळी सात वाजता तो मांडवात आला तेव्हा त्याच्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या होत्या. कुठल्या झाडाच्या, हे बाबांनी विचारलं नाही. एक काडी उचलून तिचा डोळा बघितला, वास घेतला आणि परत ठेवली. मला वाटतं त्यांना कळलं.

काकांना हे माहीत होतं की नाही, हे मला अजून माहीत नाही. दोघं भाऊ आजही बोलत नाहीत. पाटी त्यांच्याकडेच आहे, आणि आमच्या नर्सरीला अजून नाव नाही. गोष्ट इथे गोड होत नाही.

दादा काप द्यायचा, मी पट्टी बांधायची, बाबा स्टुलावर बसून बघायचे. मधूनच एखादा शब्द: "तिरकं", "दाबू नको". दुपारपर्यंत दीडशे झाली. मग सुरी सटकली आणि दादाच्या अंगठ्याला लागली. फार नाही, पण रक्त आलं. त्यानं अंगठा तोंडात घातला, दुसऱ्या हातानं सुरी उलटी धरून मूठ माझ्याकडे केली.

"घे," म्हणाला. "तुझी पाळी."

मी काप दिला. थोडा जाड झाला. बाबांनी काडी हातात घेऊन बघितली, काही बोलले नाहीत, आणि पट्टी पुढे केली.